तिसऱ्या बंदुकीचं काय करू?

ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
23 फेब्रुवारी 2020

प्रिय अनंता,

तुझं पत्र मिळालं. फोन सोडून चक्क पत्र लिहिलंस, म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय. की बंदुकीचं बोलणं फोनवर नको, असं वहिनींनी बजावलंय?

नव्या शस्त्र कायद्याने माणशी दोनच बंदुका ठेवता येतात आणि माझ्याकडे तीन आहेत, त्याकडे पुढे येतो. आधी तुझ्या सईच्या नेमबाजीचं सांगतो, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. तिला थांबवू नकोस. ती आत्ता दहा मीटर एअर रायफल मारतेय ना? त्या रायफलीला परवाना लागतच नाही. .177 बोअरची, म्हणजे नळीचं भोक .177 इंचाचं, आणि वीस ज्यूलच्या आतल्या जोराची एअर रायफल असली की झालं. उद्या ती पन्नास मीटरवर गेली आणि पॉइंट टू टू, म्हणजे .22 बोअरची काडतुसाची रायफल, हातात घ्यायची वेळ आली, तर तेव्हा कागदपत्रं आली. पण बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना सरावासाठी तशी सोय कायद्यात आहे, आणि या महिन्यात जी नवी अधिसूचना निघाली तीत तर शिकाऊ नेमबाजांना पूर्वी एक ठेवता यायची तिथे आता दोन ठेवता येतील. तेव्हा सरकार पोरांच्या रायफली काढून घेणार आहे, हे तुला ज्याने सांगितलं त्याला म्हणावं, तुझी बातमी नोव्हेंबरातली आहे.

नोव्हेंबरात मात्र सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. 29 नोव्हेंबरला लोकसभेत शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं आणि त्यात होतं, एका माणसाकडे एकच बंदूक. 1959 चा मूळ कायदा आला तेव्हा किती ठेवायच्या याला काही हद्दच नव्हती. 1983 मध्ये तीनची मर्यादा घातली. आता एकदम तीनावरून एकावर. पंजाबात तर मुख्यमंत्र्यांनीच तीनच राहू द्या म्हणून मागणी केली. नेमबाज, माजी सैनिक, जुनी घराणी, सगळे उठले. शेवटी 9 डिसेंबरला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर होईपर्यंत एकाचे दोन झाले. 13 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं केली, हे एक बरं झालं. माझ्या ओरोसला कलेक्टर कचेरीच्या खेपा तेवढ्या वाचल्या.

लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं एक कलम नव्याने घातलंय. त्याला मी दोन्ही हात वर करून पाठिंबा देतो. वर गेलेली गोळी खाली येते हे ज्यांना शाळेत कळलं नाही त्यांना कोर्टात कळू दे.

खेळाडूंचं सरकारने ऐकलं, अगदी मनापासून ऐकलं. रायफल क्लबच्या सभासदाला ही दोनची मर्यादा लागू नाही, आणि ती सवलत पूर्वी फक्त पॉइंट टू टू आणि एअर रायफलीपुरती होती, ती आता सरावाच्या कुठल्याही बंदुकीला मिळते. नामवंत नेमबाजांना पूर्वी जास्तीत जास्त सात ठेवता येत, आता बारापर्यंत. योग्यच आहे. तुम्हा कोल्हापूरकरांना तर छाती फुगवायला जागा आहे. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 600 पैकी 597 मारून विश्वविजेतेपद आणलं. राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. दोघींनी टोकियो ऑलिम्पिकचा कोटा मिळवलाय, तेजस्विनीने तर दोहात, विधेयक यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. अशा पोरींच्या हातातली रायफल मोजायला कोण जाईल?

पण पदक ज्याच्या गळ्यात नाही, त्याचं कोण ऐकणार, हा माझा प्रश्न आहे. आमच्या तालुक्यात बंदूक म्हणजे खेळ नाही आणि रुबाब तर नाहीच नाही. बंदूक म्हणजे डुक्कर. भात पोटरीला आलं की रात्री कळप उतरतो आणि सकाळी भाताचा कुणगा, म्हणजे वाफा, असा दिसतो की रोलर फिरवलाय. दिवसा माकडं माडावर. आता गवेही काजूत शिरतात, आणि तिकडे दोडामार्गात हत्ती. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी, म्हणून आम्ही बहुतेक वेळा नुसता पोकळ बार काढतो. आवाजाने कळप पांगतो, आणखी दोन रात्री येत नाही.

आणि हा बार कशाचा, तर आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा. तू ती पाहिली आहेस, माजघरात खुंटीवर असायची आणि तू तिला शिवकालीन म्हणाला होतास. शिवकालीन नाही रे, तोड्याची किंवा चकमकीचीही नाही, केपवर, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, उडणारी आहे. पण म्हातारी आहे हे खरं. तिला भरायची म्हणजे सोहळाच. मोजून दारू नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. किती ठासायचं ते हाताला कळतं, गज टणकन उसळला की पुरे. छरे घालायचे असले तर छरे, त्यावर पुन्हा बोळा, नाहीतर नळी खाली केली की छरे स्वतःच्याच पायावर. मग घोडा अर्धा ओढायचा, नळीच्या मागच्या बोंडीवर, निपलावर, केप बसवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पावसाळी हवेत दारू दमट झाली की नुसतं फुस्स. उडाली तरी दुसऱ्या बारासाठी पुन्हा पहिल्यापासून. तोवर डुक्कर शेजारच्या गावात पोचतं.

आता सांग, हिच्यावर दरोडा घालायला कोण निघेल? पेपरात रोज वाचतोस, गावठी कट्टा सापडला, गावठी कट्ट्यातून गोळीबार. त्या कट्ट्याला कुणी परवाना मागितलाय का? नव्या कायद्यात बेकायदा हत्यारांच्या शिक्षा वाढवल्यात, ते चांगलंच. पण परवाना काढून, नूतनीकरण करून, पोलिसांनी बोलावलं की हजर होणाऱ्या माणसाच्या घरातली एक बंदूक कमी केल्याने कट्टे कसे कमी होणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे याच कायद्याला ठासणीची बंदूक वेगळी आहे हे पक्कं ठाऊक आहे. तेराव्या कलमात शेती संरक्षणासाठी द्यायची ती ठासणीचीच, आणि तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे परवाना देताना ती निराळी. पण तिसऱ्या कलमात मोजायला बसले की ठासणी एक, दोन नळ्यांची डबल बार एक, रिव्हॉल्व्हर एक. सगळी डोकी सारखी. वारसाने आलेली असली तरी दोनच्या वर नाही, हेही त्यात मुद्दाम घातलंय.

निवडणुकीचं तुला माहीत नसेल. आचारसंहिता लागली की ठाण्यात बंदुका जमा करायच्या. नेमबाजांना त्यातून सूट असते, शेतकऱ्याला प्रत्येक वेळी अर्ज करून मागावी लागते. गेल्या वर्षी दोनदा निवडणूक. एप्रिलमध्ये लोकसभा, तेव्हा काजू. ऑक्टोबरात विधानसभा, 21 तारखेला मतदान, तेव्हा भात कापणीला उभं. डुकरांना आचारसंहिता कुठे! आमचा गडी म्हणाला, "भाऊंनू, डुकरांका म्हायत आसा, बंदूक ठाण्यात गेली ती." परत मिळाली तेव्हा नळीला आतून तांब चढली होती आणि गज दुसऱ्याच बंदुकीचा होता. माझा गज बहुधा अजून कुणाच्या तरी बंदुकीत आखूड पडत असेल.

कर्नाटकातल्या कोडगूतल्या लोकांचा मला हेवा वाटतो. इंग्रजांनी 1878 चा शस्त्र कायदा करून सगळ्या देशाच्या हातातली हत्यारं परवान्याखाली आणली, पण तिथल्या कोडवा समाजाला त्यातून वगळलं. ती सूट आजही आहे. परवाच ऑक्टोबरात केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली, म्हणजे आमच्या डोक्यावर हे विधेयक यायच्या महिनाभर आधी. सप्टेंबरात ते कैलपोळद या सणाला बंदुकीची पूजा करतात. आम्हीही दसऱ्याला करतोच की, पण आमच्यामागे इंग्रजाचा कागद नाही.

तू विचारलं होतंस, जुनी वस्तू म्हणून सुटका नाही का? आहे, आणि तिथेच माझी पंचाईत आहे. जी बंदूक दुरुस्त करूनही उडणार नाही, अशा पुराण्या हत्याराला कायदा लागूच नाही, हे मुळातच आहे. आणि आता या फेब्रुवारीच्या अधिसूचनेने म्हटलंय की जुन्या संग्राह्य वस्तूंच्या प्रकारात मोडणारी बंदूक बाळगायला परवाना नको. पण ती वापरायची, कुठे न्यायची तर परवाना हवा आणि त्यावर तिची नोंद हवी, नाहीतर दारूगोळा विकत मिळणार नाही. म्हणजे आजोबांच्या बंदुकीला शोभेची म्हणून कागदावर लिहून घेतलं तर ती मोजणीतून सुटेल, भिंतीवर राहील, आणि आश्विनात डुक्कर आलं की मी काय करू, थाळी वाजवू? बरं, आमची ती त्या प्रकारात बसते का, हेही मी ठरवायचं नाही. कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन आलोय. तिथल्या माणसाने बंदुकीचं वर्ष विचारलं. मी म्हटलं, आजोबांच्या आधीचं. त्याने ते तसंच लिहून घेतलं!

तर हिशेब असा. माझ्या परवान्यावर तीन आहेत. ही ठासणी, दादांची बारा बोअर डबल बार आणि माझी पॉइंट टू टू. डिसेंबरच्या आत एक ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, पुढे नव्वद दिवसांत ती परवान्यावरून जाते. धाकट्याच्या नावावर एक करावी म्हटलं, तर तो डोंबिवलीत दोन खोल्यांत राहतो. त्याला शेती संरक्षण परवाना मागायला सांगितलं तर अधिकारी विचारेल, कुंडीतल्या तुळशीचं संरक्षण का?

खूप विचार करून पॉइंट टू टू द्यायचं ठरवलंय. जिवावर येतं. एनसीसीत त्या डिलक्स रायफलीने तू आणि मी पालथे पडून गोळ्या मारायचो, तू माझ्या टार्गेटवर मारायचास आणि ग्रुपिंग चांगलं आलं, गोळ्या एकमेकींजवळ लागल्या, म्हणून शाबासकी मला मिळायची, तेव्हापासून स्वतःची एक असावी हे डोक्यात होतं. क्लबचा सभासद होऊन ती वाचवता आली असती. पण मी रेंजवर पाऊल टाकून जमाना झाला, आणि केवळ बंदूक राखायला खेळाडू म्हणवून घेणं मला पटत नाही. खरे खेळाडू त्या सवलतीसाठी भांडले, तिच्यात आमच्यासारखे शिरले तर उद्या तीही जाईल. सईला द्यावी असंही मनात आलं होतं, पण तिचा उपयोग नाही. ही साधी शिकारी घडणीची रायफल आहे, स्पर्धेची नव्हे. दस्ता तिच्या खांद्याला जुळवून घेता येणार नाही आणि डायॉप्टर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, तीही नाही. चुकीच्या रायफलीवर हात बसला तर प्रशिक्षक तुला शिव्या देतील आणि तू मला.

दादांची डबल बार ठेवतोय, कारण ठासणीने नाही भागलं तर तीच धावून येते. आणि ठासणीचा परवाना शोभेचा करून घेणार नाही. मोजणीत धरली तर धरली.

तुझ्याकडे एक काम आहे. कोल्हापुरात बंदुकांच्या दुकानात जाऊन चौकशी कर, जुनी पॉइंट टू टू जमा करून घेतात का, महिन्याचं भाडं किती, आणि विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवतात का. इथे ठाण्यात ठेवायला मन धजत नाही, कारण सांगितलंच. पावती कोणत्या नमुन्यात देतात तेही विचार, ओरोसला तीच दाखवावी लागेल. शिमग्याला येतोयस ना? सईची रायफल आणू नकोस, वाटेत कुणी अडवलं तर परवाना लागत नाही हे समजावून सांगण्यात तुझा दिवस जाईल. तिला मात्र घेऊन ये. आणि येताना तुमच्याकडचा गूळ आण, यंदा इथे मिळतोय तो काळा आहे.

तुझा,
बाळू