ग्रँड कॅन्यनमधली तुमची एक संध्याकाळ

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
20 सप्टेंबर

प्रिय मंदार,

ऑक्टोबरच्या मध्यावर तू, वहिनी, ओम आणि काकू ग्रँड कॅन्यनला जाणार हे वाचून फार आनंद झाला. एकच संध्याकाळ हातात आहे, सूर्यास्त कुठून बघू, असं विचारलंयस. तुला बहुतेक सगळे हॉपी पॉइंट सांगतील. तो सुंदरच आहे, पण मार्च ते नोव्हेंबर तिथे आपली गाडी नेता येत नाही. पार्कच्या बसने जायचं. बस फुकट असते, पण सूर्य बुडाला की सगळी माणसं एकदमच बसच्या रांगेत येतात. दरीचा हा दक्षिण काठ 2100 मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या साधारण दीडपट उंच. ऊन गेलं की गारठा झपाट्याने वाढतो. काकूंचे गुडघे दुखत असताना त्यांनी तिथे रांगेत उभं राहावं हे मला पटत नाही.

तुम्ही लिपन पॉइंटला जा. मुख्य व्हिजिटर सेंटरपासून पूर्वेला साधारण 35 किलोमीटर, आणि गाडी अगदी जवळ लागते. आधी थोडं पुढे डेझर्ट व्ह्यूला जाऊन या. तिथे स्वच्छतागृह आहे, आणि मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी 1932 मध्ये उभा केलेला दगडी मनोराही आहे. मग सूर्यास्ताच्या तासभर आधी लिपनला परत या. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो.

हा तास मला सूर्यास्ताहूनही मोलाचा वाटतो. सगळे पश्चिमेला तोंड करून उभे राहतात. तू सूर्याकडे पाठ कर आणि पूर्वेकडे बघ. पॅलिसेड्स ऑफ द डेझर्ट नावाचे ताशीव कडे समोर असतात. आधी पिवळट, मग केशरी, मग गडद तांबडे होत जातात, आणि सावली तळातून वर चढत जाते. काठावरच्या बऱ्याच पॉइंटांवरून कोलोरॅडो नदी जेमतेम दिसते, इथे तिचं मोठं वळण स्पष्ट दिसतं. सगळे थर आडवे आणि तळाशी काही मात्र तिरके, हे ओमला नक्की दाखव. खालचे थर आधी कलले, झिजले, आणि त्यावर मग नवे थर साचले. अगदी वरचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा आहे, आणि तोच तिथला सर्वांत तरुण!

काकूंना विष्णू टेंपल दाखवायला विसरू नकोस. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली. घरापासून इतक्या लांब खडकाला आपल्या देवाचं नाव ऐकून माझ्या आईचे हात आपोआप जोडले गेले होते.

सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. वीसेक मिनिटं थांबा. पूर्वेला क्षितिजावर निळसर पट्टा वर येतो, ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. परतताना मात्र गाडी हळू चालव, अंधारात एल्क रस्त्यावर येतात. बैलाएवढं जनावर आहे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि वहिनी व्हिजिटर सेंटरजवळ मेदर पॉइंटला थांबू देत, तिथली वाट सपाट आहे. तू आणि ओम बसने साउथ कायबाबच्या पायवाटेला जा आणि ऊ-आ पॉइंटपर्यंत उतरा. जेमतेम दीड किलोमीटर आहे, पण दरीत उतरल्याशिवाय तिची खोली अंगाला कळत नाही. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धर. त्या वाटेवर पाणी अजिबात मिळत नाही, तेव्हा दोघांच्या पाठीवर बाटल्या हव्यातच. खेचरांचा तांडा आला तर डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. ओम ‘अजून खाली जाऊ’ म्हणेलच. तिथूनच माघारी फिरा.

आणखी एक, अ‍ॅरिझोनाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करणं, पाळत नाहीत. लास व्हेगासहून येणार असाल तर ऑक्टोबरमध्ये घड्याळ बदलावं लागणार नाही. युटाकडून आलात तर मात्र तासाचा फरक पडेल.

फिनिक्सला कोणत्या दिवशी पोचताय ते कळव. काकूंसाठी जाड शाल आणि कानटोपी मी इथूनच देईन, तिकडून ओझं आणू नका. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सुहास