लाल रेघ आली नाही की!

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि शाळा सुरू झाल्या की मुलांचे प्रकल्प. सप्टेंबरात सातवीतली एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘शिक्षक दीन’. विचारलं तर म्हणाली, “काका, लाल रेघ आली नाही की!”

येणार कशी? संगणक लाल रेघ ओढतो ती त्याच्या कोशात नसलेल्या शब्दाखाली. दीन म्हणजे बापुडा; शब्द कोशात आहे. (अलीकडची अशैक्षणिक कामं पाहता मथळा अगदीच खोटा नव्हता म्हणा.)

रेघेचे उपकार मी विसरलेलो नाही. आमच्या ग्रामदैवताचं नाव मी कित्येक वर्षं ‘सिध्देश्वर’ असंच छापलं. जुन्या फॉण्टमध्ये संगणकाला ते मराठी आहे हेच कळत नसे. युनिकोडवर आलो, संगणकाला मराठी कळू लागलं, रेघ उमटली, हात थांबला. आधी द, मग ध, हे पन्नाशीत शिकलो.

हात थांबला म्हणून शिकलो. मोबाइल थांबू देत नाही. दोन अक्षरं टाइप केली की अख्खा शब्द पुढ्यात, आणि चुकलेला शब्द न विचारता बदललेला. मग कागदावरच्या श्रुतलेखनात तीच मुलं अडतात.

त्यात आमच्याकडे घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. यंत्रमागावरच्या बापाची लेक ‘सूताचा टॉवेल’ लिहिते. तिला कुणी सांगावं की सूत मराठी शब्द, म्हणून सामान्यरूपात सु ऱ्हस्व. ‘सुतावरून स्वर्ग’ म्हणतो तसा. पण कर्णाला वाढवणारा सूत संस्कृतातला, तिथे ‘सूताचा’च बरोबर. टॉवेल की महाभारत, हे रेघेला कुठून कळणार?

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची चार भर, असे अठरा नियम शासनमान्य आहेत. तेव्हा मागणी एवढीच: शाळांच्या संगणकांवर आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, लाल रेघ राहू द्या, आणि रेघेवर क्लिक केलं की अठरांपैकी कोणता नियम मोडला ते मराठीत दिसेल, असं काही करून घ्या. आठवड्यातून एक श्रुतलेखन मात्र कागदावरच.

त्या मुलीला पान मी फुकट पुन्हा छापून दिलं. ‘दिन’ तिनेच टाइप केला. रेघ तेव्हाही आली नाही, म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

आपला,
पूर्व भागातला एक डीटीपीवाला