शहर की गाव, बाबा?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही म्हणालात, “शहरातली पोरं जगतात, खेड्यातली दगावतात, हे पूर्वीपासूनच.” पूर्वीपासून नाही हो! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल-मँचेस्टरमध्ये तान्ही बाळं खेड्यांपेक्षा कितीतरी जास्त जायची. दाटीची घरं, मैला मिसळलेलं पाणी, नासकं दूध. गटारं बांधली गेली, नळाला स्वच्छ पाणी आलं, तेव्हा कुठे पारडं फिरलं. पुढे लसी आणि दवाखानेही आधी शहरातच पोचले. आज बहुतेक गरीब देशांत तुमचं म्हणणं खरं आहे.

एकूण आकडा मात्र खूप उतरलाय. 1990 मध्ये जगात हजार जन्मांमागे 93 मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत होती, 2022 मध्ये 37. तरी त्या एका वर्षात 49 लाख मुलं गेली, त्यातली 23 लाख पहिल्या 28 दिवसांत. दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मल्यावर न रडलेली, जंतुसंसर्ग झालेली.

या पहिल्या 28 दिवसांत गावाला दवाखान्याचं अंतर नडतं. आई, तुला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम आवडेल. रस्ता आणि डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही, गावातल्याच बाईला शिकवायचं. ती बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाला ऊब देते, अंगावर पाजायला मदत करते, घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही तीच देते. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: हे काम नसलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला!

आता तुमचं ‘शहर’. 2000 साली नैरोबीच्या झोपडपट्ट्यांची पाहणी झाली, तर तिथला बालमृत्युदर केनियाच्या खेड्यांपेक्षाही जास्त निघाला. मोठी इस्पितळं त्याच शहरात, पण वस्तीत ना शौचालय, ना भरवशाचं पाणी. शहराच्या सरासरीत बंगलेवाल्यांची आणि या वस्तीतली पोरं एकत्र मोजली जातात, म्हणून ते दिसत नाही.

2030 पर्यंत प्रत्येक देशाने पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी 25 पर्यंत खाली आणावा असं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तीही सरासरीच! एखादा देश ते गाठेल आणि त्याच्या राजधानीतली एखादी वस्ती दुप्पट दरावर अडकलेली असेल. मला हे मोजमाप अपुरं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा, आणि आईचं मत तिच्याच शब्दांत येऊ द्या.

तुमची,
लेक