सरसकट बंदी कशासाठी?

महोदय,

छातीत यंत्र बसवलेल्यांना तालुक्याच्या सायकल स्पर्धेत प्रवेश न देण्याचा निर्णय मंगळवारच्या अंकात वाचला आणि फार वाईट वाटले. माझ्या डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली काडेपेटीएवढा उंचवटा आहे, तो आयसीडी या यंत्राचा. हृदयाचे ठोके बेफाम झाले तर हे यंत्र आतूनच विजेचा झटका देते. मंद ठोक्यांना आधार देणारा पेसमेकर वेगळा, पण निर्णयात दोघांनाही एकाच दावणीला बांधले आहे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयसीडी असलेल्या ३७२ खेळाडूंपैकी एकाचाही खेळताना ठोके बिघडून मृत्यू झाला नाही. काहींना झटके बसले, आणि धावत्या सायकलवर झटका म्हणजे काय, हे मी जाणतो. इटलीतील नियमांमुळे आयसीडी बसवलेला तिथला सायकलपटू सोनी कोलब्रेली याला २०२२ मध्ये सायकल शर्यती सोडाव्या लागल्या; त्याच वर्षी डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मात्र आयसीडीसह इंग्लंडमध्ये पुन्हा फुटबॉल खेळू लागला.

डॉक्टरांच्या परवानगीनेच मी आठ महिने पहाटे संत्र्यांच्या बागांमधल्या रस्त्याने सराव केला. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र जरूर मागा आणि मार्गावर रुग्णवाहिका ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ती धडधाकट स्पर्धकालाही लागू शकते.

– एक सायकलपटू, वरुड (जि. अमरावती)