‘शंभरचा प्लॅन’ म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. गावात फायबर आल्यापासून एक तक्रार सारखी कानावर येते, "शंभरचा प्लॅन घेतलाय, डाउनलोडला बाराच दाखवतंय, केबलवाला फसवतोय." बहुतेक वेळा तो फसवत नसतो. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि ब्राउझर फाइल उतरवताना मेगाबाइटमध्ये दाखवतो, ८ बिटचा १ बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा, आणि त्यातलं थोडं डेटाच्या प्रत्येक पॅकेटला (तुकड्याला) लागणाऱ्या हेडरमध्ये, म्हणजे पत्त्यासारख्या जादा माहितीत जातं, म्हणून अकरा-बारा दिसलं की लाइन ठणठणीत आहे असं समजायचं. इंग्रजीत निदान लहान बी (बिट) आणि मोठा बी (बाइट) बघून हा फरक कळतो, आपल्याकडे जाहिरातीत नुसतं ‘एमबीपीएस’ छापतात, त्यावरून गिऱ्हाइकाने काय ओळखायचं?

पण काही ठिकाणी लोकांचे पैसे खरंच जातात आणि त्याचा मला राग येतो. २०० चा प्लॅन विकायचा आणि राउटर असा बसवायचा की ज्याचे पोर्टच, म्हणजे केबल खोचायच्या जागाच, १०० च्या आहेत! किंवा राउटर चांगला असतो, पण केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाच्या पिनेत नीट क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) नसते, मग गिगाबिटची, म्हणजे १००० ची लाइन गपकन १०० वर येते. लॅपटॉपला केबल लावून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा, तिथे १००/१०० दिसलं तर त्या केबलवरून २०० कधीच मिळणार नाही, महिन्याला पैसे मात्र २०० चेच जातात.

मोबाइलचं तर आणखी वाईट. ‘डेटा संपल्यावर ६४ केबीपीएसने अनलिमिटेड’ असं लिहिलेलं असतं. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट, २ एमबीची पीडीएफ चढवायला चार मिनिटांच्या वर लागतात, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर, तोपर्यंत फॉर्मचं पेज लॉगआउट होऊन जातं आणि शेवटच्या तारखेला पोरं रडकुंडीला येतात. सरकारनेच २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस अशी केली आहे, त्याच्या एकतिसाव्या हिश्श्याला ‘अनलिमिटेड’ म्हणून विकू कसं देतात?

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत आणि पावतीवर ‘मेगाबिट’ हा शब्द पूर्ण छापावा आणि शेजारी १ जीबीची फाइल उतरायला अंदाजे किती वेळ लागेल तेही लिहावं, १०० मेगाबिटला दीड मिनिट धरा, ६४ किलोबिटला जवळजवळ ३५ तास. अपलोडचा आकडाही वेगळा द्यावा, कारण फॉर्म भरणाऱ्याला तोच लागतो. आपल्या पेपरात अशा जाहिराती येतात, तेव्हा हे छापायला सुरुवात आपणच करावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, जि. सांगली