नाव छापू नका म्हणणाऱ्यांचे आभार

सोलापुरात व्यसनी बंद्यांच्या उपचाराला हातभार लावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी रात्रपाळीच्या शिपाईदादांचे. रोजची हातभट्टी कोठडीत एकदम तुटली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पुढे झटके येतात, दोन-तीन दिवसांत भास सुरू होतात. ‘नाटक करतोय’ म्हणून सोडलं तर माणूस दगावतो. तुम्ही डॉक्टरांना उठवता, हाच खरा उपचार.

परिचारिकाताई, ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यायला तुम्ही चुकत नाही. अफू-हेरॉइनवाल्याला ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ते व्यसन सोडवायची गोळी, घाईने दिली तर त्रास उलट भडकतो, म्हणून नशा तुटल्याची लक्षणं दिसेपर्यंत थांबता. मग गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं समोर उभ्या राहता. लपवलेली गोळी बराकीत विकली जाते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक.

आणि सुटकेच्या दिवशी दाराशी थांबणारे तुम्ही! आत राहून शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने हेरॉइन घेतलं तर श्वास थांबतो. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. म्हणून औषधाची चिठ्ठी, सिव्हिलच्या ओपीडीची तारीख आणि 14446 हा मोफत मदत क्रमांक तुम्ही घरच्यांच्याही हातात ठेवता.