एकच एप्सिलॉन सगळीकडे चालत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी पदवीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३ का, असं संगणकाला विचारलं की तो 'नाही' म्हणतो. यावर बहुतेक पुस्तकं एका ओळीत मोकळी होतात: थेट बरोबरी तपासू नका, दोन संख्यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे आपण ठरवलेल्या एका छोट्या संख्येपेक्षा, कमी आहे का ते बघा. मुलं ही ओळ पाठ करतात आणि एप्सिलॉनच्या जागी ०.००००००००१ असं काहीतरी ठोकून देतात. माझी तक्रार या ठोकून देण्याबद्दल आहे.

मुळात संगणक इथे चुकत नाही. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा एक दशांश संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत संपत नाही. संगणकात अपूर्णांक कसे साठवायचे हे ठरवणाऱ्या १९८५च्या आयईईई ७५४ मानकानुसार डबल या नेहमीच्या प्रकारच्या संख्येला ५३ बिटांची (द्विमान अंकांची) अचूकता मिळते, म्हणजे साधारण १५-१६ दशमान अंक. त्यात न मावणारी संख्या जवळच्या मावणाऱ्या संख्येवर आणली जाते. म्हणून वरची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते.

पण या मावणाऱ्या संख्या सारख्या अंतरावर नसतात, आणि नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. शंभर कोटींच्या आसपास दोन शेजारच्या डबल संख्यांमध्येच सुमारे ०.००००००१२ इतकं अंतर असतं. तिथे मुलांचा तो एप्सिलॉन लावून काय मिळणार? संख्या वेगळ्या असतील तर फरक त्याहून मोठाच निघणार, म्हणजे फिरून थेट बरोबरीच तपासली. उलट अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहांची मापं घ्या. एक प्रवाह दुसऱ्याच्या पाचपट असला, तरी दोन्ही एप्सिलॉनहून लहान असल्यामुळे प्रोग्रॅम त्यांना बिनदिक्कत समान ठरवतो. हा प्रकार जास्त वाईट, कारण कुठेही एरर येत नाही.

म्हणून चालणारा फरक संख्येच्या आकाराच्या प्रमाणात धरावा लागतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत २०१५ पासून, ३.५ आवृत्तीपासून, यासाठी आयसक्लोज (isclose) हे तयार फंक्शन आहे. तेही डोळे मिटून वापरू नये. ०.१ अधिक ०.२ आणि ०.३ जवळ आहेत का, असं विचारलं तर ते 'हो' म्हणतं. त्याच बेरजेतून ०.३ वजा करून उत्तर शून्याजवळ आहे का विचारलं, तर 'नाही' म्हणतं! कारण ते चालणारा फरक दोहोंतल्या मोठ्या संख्येच्या प्रमाणात काढतं, आणि इथे ती मोठी संख्या म्हणजे उरलेली वजाबाकीच; तिच्या प्रमाणात काढलेला चालणारा फरक तिच्याहून खूपच लहान निघतो. तिथे निरपेक्ष, म्हणजे संख्येच्या आकारावर न ठरणारी, मर्यादा आपणच द्यावी लागते, आणि ती किती असावी हे फंक्शनला ठाऊक नसतं. मापन किती अचूक होतं, आकडेमोडीच्या किती पायऱ्या झाल्या, यावरून ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवायची.

आणखी एक. 'जवळपास समान' हे नातं पुढे सरकत नाही. पहिली संख्या दुसरीच्या जवळ, दुसरी तिसरीच्या जवळ, तरी पहिली आणि तिसरी लांब असू शकतात. अशी तुलना सॉर्टिंगमध्ये, म्हणजे संख्या क्रमाने लावताना, घातली तर क्रमाचा भरवसा उरत नाही, आणि काही भाषांत तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो.

बऱ्याचदा तर अशा तुलनेची गरजच नसते. शून्यापासून ०.१ वाढवत नेमक्या १ वर थांबायला सांगितलेला लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा भाग) थांबत नाही, कारण दहा बेरजांनंतर हाती ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतो. तिथे एप्सिलॉन कशाला? पूर्णांकात दहा मोजा. पैशांचा हिशेबही सर्वांत लहान नाण्याच्या पूर्णांकात किंवा संख्या दशमान अंकांतच साठवणाऱ्या डेसिमल प्रकारात ठेवावा.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एप्सिलॉन वापरला एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका. तेवढाच का घेतला, हे दोन ओळींत लिहायला सांगा आणि निम्मे गुण त्या दोन ओळींना ठेवा.

आपली,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका